मेंढीला प्रोबायोटिक पावडर द्यायची का? दूध, हगवण आणि पोटातली जित्राबं

प्रश्न थोडक्यात असा आहे. माण तालुक्यातला एक तरुण मेंढपाळ, घरच्या ४५ मेंढ्या, त्यातल्या निम्म्या नारी सुवर्णाच्या (जुळी देणाऱ्या सुधारित जातीच्या) क्रॉस, दिवसभर चराई आणि संध्याकाळी वाड्यावर खुराक. जुळी व्यालेल्या मेंढ्यांचं दूध दोन्ही कोकरांना पुरत नाही आणि तीन आठवड्यांच्या पुढची कोकरं हगवायला लागलीत. दुकानदाराने प्रोबायोटिकचा पुडा दिलाय, दूध पण वाढेल आणि हगवण पण थांबेल, रोज मेंढीमागं ५ ग्रॅम, कायम चालू ठेवा म्हणून. द्यायचं का? आणि घरातलं ताक पाजलं तर तेच काम होत नाही का?

दादा, पुडा वाईट नाहीये. पण तुम्ही ज्या दोन कामांसाठी घेतलाय त्यातलं एक काम तो थोडंफार करेल, दुसरं बहुतेक करणारच नाही, आणि वर्षभर सगळ्या ४५ मेंढ्यांना चालू ठेवायची तर बिलकुल गरज नाही. मी बावीस वर्षं फलटण, माण, जत या पट्ट्यात मेंढरांच्याच औषधपाण्याचं काम करतोय, हे पुडे मी स्वतः लिहून देतो, काही कळपांत त्यांचा चांगला उपयोग झालेला बघितलाय आणि काही ठिकाणी नुसता पैसा गेलेला पण बघितलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसू द्या. आपण म्हणतो मेंढी चारा खाते, पण खरं बघितलं तर मेंढी चारा खाऊन पोटातल्या जित्राबांना घालते आणि ती जित्राबं मेंढीला पोसतात. मेंढीच्या मोठ्या पोटात, म्हणजे रुमेनमध्ये, कित्येक लिटर पातळ-घट्ट असा माल कायम घुसळत असतो आणि त्यातल्या एका मिलीलिटरमध्ये हजार कोटीच्या वर जिवाणू असतात, शिवाय प्रोटोझोआ (एका पेशीचे जीव) आणि बुरशी वेगळी. कडबा, बाभळीचा पाला, वाळलेलं गवत, हे मेंढीला स्वतःला पचवताच येत नाही, ते ही मंडळी आंबवतात आणि त्यातून जी आम्लं तयार होतात त्यावर मेंढीची बहुतेक ताकद चालते, साधारण सत्तर टक्के म्हणा. हीच जिवाणू मंडळी पुढे आतड्यात जाऊन पचतात आणि मेंढीला मिळणारं निम्म्याहून जास्त प्रोटीन त्यांच्याच अंगातून येतं. म्हणजे कासेत जे दूध उतरतं ते आधी पोटात तयार होतं. दुधाचं फॅट तर थेट चाऱ्याच्या तंतूपासून बनणाऱ्या आम्लावर अवलंबून, म्हणून चारा कमी करून नुसता मका भरडा वाढवला की दूध पातळ पडतं.

आता प्रोबायोटिक म्हणजे काय, तर योग्य प्रमाणात दिल्यावर जनावराला फायदा होईल असे जिवंत सूक्ष्मजीव. जिवंत हा शब्द महत्त्वाचा, त्याच्याकडे परत येतो. मेंढ्यांसाठी जे मिळतं त्यात तीन प्रकार असतात. एक जिवंत यीस्ट, सॅकरोमायसिस सेरेव्हिसी, म्हणजे पावाला वापरतात त्याच जातीचं पण वेगळे निवडलेले वाण. दुसरं लॅक्टोबॅसिलस, एंटेरोकॉकस वगैरे, दह्याच्या गोतातले. तिसरं बॅसिलस, ज्याचे बीजाणू असतात आणि ते उष्णतेला टिकतात. मोठ्या मेंढीसाठी यीस्टचा उपयोग जास्त, लहान कोकरासाठी दुसऱ्या प्रकाराचा, आणि पेलेटमध्ये, म्हणजे दाबून केलेल्या खाद्याच्या कांड्यांमध्ये, घालायचं असेल तर तिसरा, कारण पेलेट बनवताना सत्तर-ऐंशी डिग्रीची वाफ लागते त्यात साधं यीस्ट मरून जातं.

यीस्ट पोटात जाऊन करतं काय? रुमेनमधल्या मंडळींना ऑक्सिजन अजिबात चालत नाही, आणि मेंढीच्या प्रत्येक घासाबरोबर, पाण्याबरोबर, लाळेबरोबर थोडी थोडी हवा आत जातच असते. जिवंत यीस्ट तो ऑक्सिजन खाऊन टाकतं आणि चारा पचवणाऱ्या जिवाणूंना काम करायला बरं वातावरण मिळतं. शिवाय जे जिवाणू लॅक्टिक आम्ल खातात त्यांना यीस्टमुळे जोर येतो, त्यामुळे खुराक दिल्यावर पोट एकदम आंबट होत नाही. एवढंच काम आहे त्याचं, पण महत्त्वाचं आहे. आणि यीस्ट रुमेनमध्ये वस्ती करून राहत नाही, एक-दोन दिवसांत निघून जातं, म्हणून द्यायचं तर रोज द्यावं लागतं. आठवड्यातून एकदा मूठभर टाकून काहीच होत नाही.

लोक मला दाखवतात की परदेशात दुधाच्या मेंढ्यांना देतातच की. बरोबर आहे. फ्रान्समध्ये रोकफोर्ट चीज ज्या लकोन मेंढीच्या दुधाचं बनतं ती मेंढी, इस्रायलमधली अवासी आणि असाफ, ही दुधासाठीच निवडून निवडून तयार केलेली जनावरं. एका वेतात शेकड्याने लिटर दूध देतात, मशीनवर पिळतात, आणि एवढं दूध काढायचं म्हणून खुराक पण भरपूर, त्यामुळे त्यांचं पोट कायम आंबटपणाच्या काठावर असतं. युरोपात २००६ पासून वाढीसाठी अँटिबायोटिक खाद्यात घालायला पूर्ण बंदी आली, तेव्हापासून तिकडे या यीस्ट-जिवाणूंचा वापर आणि अभ्यास जोरात वाढला. पण तिथल्या प्रयोगांचे निकाल सुद्धा एकसारखे नाहीत. कुठे दूध वाढलं, कुठे नुसतं फॅट वाढलं, कुठे काहीच फरक नाही. साधारण सूत्र असं की खुराक जास्त, चारा कमी, ऊन जास्त, तिथे फरक दिसतो. चारा भरपूर आणि पोट मुळातच ठणठणीत असेल तर यीस्टला सुधारायला काही उरत नाही.

आपली दख्खनी मेंढी दुधासाठी कोणी पाळत नाही. घरी चहापुरतं, पोरांना, म्हातारी माणसं अजून मेंढीच्या दुधाचं कौतुक करतात, फॅट सहा-सात टक्के असतं ते उगाच नाही, पण पिळून विकायचा धंदा आपला नाही. तरी मी म्हणतो आपली मेंढी पण दुधाचीच मेंढी आहे, कारण ती जे दूध देते ते कोकराच्या अंगावर मटण होऊन बाजारात जातं. साधारण पाच-सहा लिटर दूध कोकराच्या पोटात गेलं की एक किलो वजन वाढतं असा हिशोब धरा. आणि नारी सुवर्णाने हा हिशोब अजून अवघड केलाय. फलटणच्या निंबकर संस्थेने सुंदरबनातल्या गारोळ मेंढीतला जुळ्यांचा जीन दख्खनीत आणला, फार मोठं काम झालं ते, पण जीन फक्त अंडी जास्त सोडतो, कास मोठी करत नाही. दोन कोकरं आणि एका कोकराचा खुराक, असं केलं तर दूध कमी पडणारच, त्यात मेंढीचा दोष नाही आणि पुडा पण ते भरून काढू शकत नाही.

म्हणून पहिला प्रश्न मी तुम्हाला उलटा विचारतो. गाभणपणाच्या शेवटच्या सहा आठवड्यांत काय घातलं होतं? पोटातल्या पिल्लाची दोन तृतीयांशाहून जास्त वाढ त्याच काळात होते आणि कास पण तेव्हाच भरते. आपल्याकडे तेव्हाच नेमकी भटकंती असते किंवा उन्हाळा असतो. तेव्हा मेंढी खंगली तर व्याल्यावर काही पण घाला, त्या वेताचं दूध मागे पडलेलंच राहतं. पस्तीस किलोच्या जुळी पाजणाऱ्या मेंढीला दिवसाला सव्वा ते दीड किलो कोरडा माल पोटात जायला पाहिजे, चराईवर तेवढा मिळतो का हे संध्याकाळी डाव्या कुशीवर हात ठेवून बघा, खड्डा दिसला तर मिळत नाहीये. मग तीनशे-साडेतीनशे ग्रॅम खुराक, त्यात शेंगदाणा पेंड किंवा सरकी पेंड पाहिजेच, नुसता मका नाही. आता पुड्याच्या महिन्याच्या खर्चात किती किलो पेंड येते ते काढा. जर पेंडच कमी पडत असेल तर पैसे आधी पेंडीला, हे माझं ठाम मत आहे आणि दुकानदाराशी मी यावर भांडलोय पण.

पण आता पुड्याच्या बाजूने बोलतो, कारण काही वेळा असतात जेव्हा मी स्वतः तो द्या म्हणून सांगतो.

खाद्य बदलताना. आपल्या मेंढ्यांचं सगळ्यात मोठं दुखणं हेच आहे. आज माळावर गवत, उद्या ज्वारीच्या काढलेल्या रानात पडलेली कणसं, परवा कांद्याची पात, मग कोणाच्या मक्याच्या खळ्याशेजारी बसवल्या. पोटातल्या जित्राबांना नव्या खाद्याची सवय व्हायला दोन-तीन आठवडे लागतात आणि आपण त्यांना एक रात्र पण देत नाही. मागे एका कळपात मला रात्री बोलावलं, मका मळणी झालेली, ढिगावर ताडपत्री, आणि पहाटे वाघुर (मेंढ्यांभोवती लावलेली जाळी) ढिली पडून मेंढ्या ढिगावर. गेलो तेव्हा सहा-सात मेंढ्या पडलेल्या, काही दात खात होत्या, पोटावर हात दाबला की आत अर्ध्या भरलेल्या घागरीसारखं डुचमळायचं, आणि हगवण करड्या रंगाची, पातळ, आंबूस वासाची, तिच्यात मक्याचे अख्खे दाणे. हे ॲसिडोसिस. दाण्यातला स्टार्च एकदम आंबतो, लॅक्टिक आम्ल साठतं, पोटाचा पीएच साडेपाचच्या खाली जातो आणि चांगली मंडळी मरायला लागतात. त्या रात्री खायचा सोडा मेंढीमागं पंचवीस-तीस ग्रॅम पाण्यातून पाजला, शिरेतून सलाईन दिलं, तरी तीन गेल्या. जुळ्यांची आई पण त्यात होती.

सकाळी जे केलं ते सांगतो कारण तो खरा प्रोबायोटिक होता. गावात खाटकाकडे सकाळी निरोगी बोकड कापला होता, त्याच्या पोटातला ताजा माल फडक्यातून पिळून घेतला, गरम असतानाच, थर्मासमध्ये, आणि तासाच्या आत प्रत्येक वाचलेल्या मेंढीला अर्धा-अर्धा लिटर पाजला. दुपारी दोन मेंढ्यांनी रवंथ सुरू केला. यात बुरशी, जिवाणू, प्रोटोझोआ सगळं जसंच्या तसं, कुठल्याच पुड्यात एवढी मंडळी येत नाहीत. काही जुनी माणसं चांगल्या जनावराच्या तोंडातला रवंथाचा घास काढून आजारी जनावराला चारतात, ते अगदी बरोबर शास्त्र आहे. फक्त ज्या जनावराचा घ्यायचा ते निरोगी असलं पाहिजे, पीपीआरची (शेळ्या-मेंढ्यांचा जीवघेणा साथीचा रोग) किंवा लाळ्याची साथ असेल तर हा उद्योग अजिबात करू नका.

तर अशा बदलाच्या आधी, म्हणजे कापणीच्या रानात जायच्या आठवडाभर आधीपासून आणि गेल्यावर दोन आठवडे, जिवंत यीस्ट रोज दिलं तर पोट सावरायला मदत होते. मदत म्हणतोय. वाघुर ढिली पडली तर यीस्ट वाचवत नाही. खुराक रोज थोडा थोडा वाढवायचा, शंभर ग्रॅमवरून साडेतीनशेवर दोन आठवड्यांत, दोन वेळात वाटून, आणि आधी चारा मग खुराक, हे केल्याशिवाय पुडा फाडूच नका.

दुसरी वेळ म्हणजे व्यायच्या आधी तीन आठवडे आणि नंतर पाच-सहा आठवडे, तेही जुळी असलेल्या किंवा खुराक जास्त खाणाऱ्या मेंढ्यांना. दूध तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सगळ्यात जास्त असतं, तेवढा काळ धरा, पुढे बंद. तुमच्या ४५ मधल्या कदाचित वीस मेंढ्यांना लागेल. तिसरी वेळ, तोंडावाटे अँटिबायोटिक द्यावं लागलं असेल तर त्यानंतर आठ-दहा दिवस. इथे एक बारीक गोष्ट, यीस्ट ही बुरशीच्या कुळातली असल्यामुळे अँटिबायोटिक चालू असताना पण दिलं तरी मरत नाही, लॅक्टोबॅसिलस मात्र मरतो, म्हणून तो कोर्स संपल्यावर. आणि हगवणीला अँटिबायोटिक पावडर आपल्या मनाने पाण्यात कालवून द्यायची सवय सोडा, कोलिस्टिन तर २०१९ पासून जनावरांसाठी बंदच केलंय सरकारने.

आता पुड्यावर काय बघायचं ते, इथे बहुतेक लोक फसतात. लाइव्ह यीस्ट आणि यीस्ट कल्चर हे दोन वेगळे माल आहेत. कल्चरमध्ये मुख्यतः मेलेल्या पेशी आणि त्यांनी बनवलेला रस असतो, त्याचा पण थोडा उपयोग असतो पण वर सांगितलं ते ऑक्सिजन खायचं काम मेलेली पेशी करत नाही. लाइव्ह असेल तर ग्रॅममागे सीएफयू किती ते छापलेलं असतं, सीएफयू म्हणजे जिवंत, वाढू शकणाऱ्या पेशींचा आकडा. मेंढीला दिवसाला काही अब्ज पेशी पोचल्या पाहिजेत. समजा पुड्यावर ग्रॅमला दोनशे कोटी लिहिलंय तर पाच ग्रॅममध्ये हजार कोटी म्हणजे दहा अब्ज झाले, भरपूर झाले, दोन-तीन ग्रॅममध्ये पण भागेल. ग्रॅमला दहा कोटीच असतील तर पाच ग्रॅममध्ये अर्धा अब्ज, मग ती नुसती महागडी पावडर. आकडाच नसेल तर घेऊ नका. वाणाचा नंबर छापलेला असेल तर चांगलं, कारण सगळी यीस्ट सारखी नसतात, उदाहरणार्थ आय-१०७७ नावाचा वाण रवंथ करणाऱ्या जनावरांवर बराच तपासलाय आणि युरोपात दुधाच्या मेंढ्या-शेळ्यांसाठी मान्य झालेला आहे.

आणि जिवंत आहे का हे घरी तपासता येतं. अर्धा लिटरची रिकामी प्लास्टिक बाटली घ्या, त्यात पाव लिटर कोमट पाणी, हाताला सुखद लागेल एवढंच कोमट, एक चमचा साखर, दोन चमचे पुड्यातली पावडर, हलवा, आणि बाटलीच्या तोंडाला फुगा ताणून बसवा. उन्हात नाही, घरातच ठेवा. यीस्ट जिवंत असेल तर तास-दीड तासात वर फेस येतो, पावाच्या कणकेसारखा वास येतो आणि फुगा उभा राहतो. फुगा लोळत राहिला आणि वास नुसता कोंड्याचा, तर माल मेलेला. ही तपासणी यीस्टसाठी आहे, बॅसिलसच्या पुड्याला लावू नका. मी एकदा एका दुकानातून आलेल्या सहा पुड्यांची अशी तपासणी केली, एकाचाही फुगा उठला नाही, एक्स्पायरीला आठ महिने बाकी. जाऊन बघितलं तर माल पत्र्याच्या शेडमध्ये, मे महिना, वर हात लावला तर चटका. कंपनीने चांगला माल दिला असेल पण तो वाटेत मेला. तुम्ही पण पुडा वाड्यावर गाडीत, तंबूत, उन्हात ठेवणार असाल तर त्यापेक्षा लहान पुडी घ्या, मडक्याशेजारी गारव्याला ठेवा, तोंड घट्ट बांधा, ओल लागू देऊ नका. गरम आंबोणात कालवू नका. भरड्यात आधी मूठभर कोंड्याबरोबर मिसळा मग सगळ्यात, नाहीतर एका मेंढीला सगळं आणि बाकीच्यांना काही नाही असं होतं.

अजून एक, हे मी मोठ्या अक्षरात लिहिलं असतं. बऱ्याच पुड्यांमध्ये प्रोबायोटिक अधिक मिनरल असं एकत्र असतं आणि ते गायी-म्हशीसाठी किंवा कोंबड्यांसाठी बनवलेलं असतं. त्यात तांबं असतं. गायीला लागतं तेवढं तांबं मेंढीला विष आहे, मेंढीचं लिव्हर ते साठवत जातं, महिनोन्‌महिने काही दिसत नाही आणि एक दिवस ताण आला की लघवी कॉफीसारखी लाल-काळी, डोळे पिवळे, आणि दोन दिवसांत मेंढी जाते. पुड्यावर कॉपर सल्फेट लिहिलंय का ते आधी वाचा. मेंढीसाठी म्हणून वेगळं बनवलेलंच मिनरल मिक्श्चर घ्या.

आता कोकरांची हगवण. तीन आठवड्यांच्या पुढे हगवण, शेपटीखाली काळपट चिकट, काही कुंथतात, कधी रक्ताची रेघ, असं असेल तर माझा पहिला संशय कॉक्सिडिया, म्हणजे आतड्यातला बारीक परजीवी. ते प्रोबायोटिकने जात नाही. ताज्या लेंड्यांचा किंवा हगवणीचा नमुना, थेट कोकराच्या मागून घेतलेला, स्वच्छ डबीत, तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघून घ्या. अंडी दिसली तर डॉक्टर ॲम्प्रोलियम किंवा सल्फा वजनाप्रमाणे देतील. आणि जागा बदला, कॉक्सिडिया ओलीत राहतो, पाण्याच्या टाकीभोवतीचा चिखल, खाली ठेवलेलं घमेलं ज्यात कोकरं उभी राहून हगतात, तिथून सगळ्यांना जातं. घमेलं विटेवर उचलून ठेवा, कोरडी माती टाका. जंतांचं पण बघून घ्या, रक्त पिणारे जंत हगवण फारशी करत नाहीत पण खालची पापणी उलटून बघितली तर पांढरी दिसते आणि जबड्याखाली पाणी उतरतं, आईची पापणी पांढरी असेल तर दूध कमी असण्याचं कारण तिथेच सापडेल.

आणि धडधाकट, सगळ्यात जास्त दूध पिणारं कोकरू सकाळी अचानक मेलेलं सापडत असेल तर ते आंत्रविषार, म्हणजे आतड्यातले जिवाणू विष सोडतात तो रोग, त्याला लस आहे. पावसाळ्याच्या आधी सगळ्यांना, पहिल्यांदाच देत असाल तर दोन-तीन आठवड्यांनी दुसरा डोस, आणि गाभण मेंढीला व्यायच्या महिना-सव्वा महिना आधी म्हणजे चिकातून कोकराला ताकद जाते. आंत्रविषाराला पुड्याच्या भरवशावर राहू नका, मी हे हात जोडून सांगतो, एका कळपात लस सोडून पावडरवर राहिले होते आणि नवा पाला फुटल्यावर पाच दिवसांत चांगली चांगली कोकरं गेली.

कोकराला प्रोबायोटिकचा उपयोग होतो तो पहिल्या दिवसांत. जन्मल्यावर आतडं कोरं असतं, चांगले जिवाणू आधी बसले तर वाईटांना जागा कमी. पण त्याच्याही आधी चीक. पहिल्या तास-दोन तासांत किलोमागे ५० मिली, म्हणजे अडीच किलोच्या कोकराला सव्वाशे मिली, आणि पहिल्या दिवसात मिळून अर्धा लिटर. जुळ्यातलं दुबळं कोकरू नेहमी मागे पडतं, त्याला धरून पाजा, आईचा कमी असेल तर दुसऱ्या मेंढीचा पिळून. मग पहिले पाच-सात दिवस लॅक्टोबॅसिलसवालं द्यायचं तर द्या, तेही बाटलीवर वाढणाऱ्या कोकरांना जास्त फायद्याचं, जे आईच्या सडाला नाही आणि माणसाच्या हातातून पितं त्याचं पोट लवकर बिघडतं. दोन आठवड्यांचं झालं की कोवळा पाला आणि थोडा भरडा समोर ठेवा, कुरतडू दे, त्यातून आणि आईचं तोंड चाटून रुमेनची मंडळी आपोआप येतात. दोन महिन्यांत पोट बऱ्यापैकी तयार होतं.

ताकाचं विचारलंत. ताकात चांगले जिवाणू असतात, ताजं घरचं ताक, मीठ-मसाल्याशिवाय, अँटिबायोटिकनंतर किंवा खाणं कमी झालेल्या मोठ्या मेंढीला पाव-अर्धा लिटर पाजलं तर काही बिघडत नाही, थोडा फायदाच. पण ते यीस्टचं काम करत नाही, ऑक्सिजन वगैरे खात नाही. आणि दाणे खाऊन पोट आंबलेल्या मेंढीला ताक अजिबात पाजू नका. तिथे आधीच लॅक्टिक आम्ल झालंय आणि ताक म्हणजे अजून लॅक्टिक आम्ल. तिथे सोडा.

मग फायदा होतोय का हे कसं कळणार? दुकानदाराच्या बोलण्यावरून नाही आणि माझ्या पण नाही. जुळी पाजणाऱ्या दहा मेंढ्या निवडा, एकाच आठवड्यात व्यालेल्या, पाच लाल दोऱ्याच्या, पाच बिनदोऱ्याच्या. चारा-खुराक दोघींना तोच, पुडा फक्त लाल दोऱ्याला. आठवड्यातून एकदा सकाळी कोकरं चार तास वेगळी ठेवा, वजनकाट्याला पिशवीत टांगून वजन करा, मग आईला सोडा, पिऊन झाली की लगेच परत वजन. जो फरक तो चार तासांचं दूध. काटा दहा ग्रॅमचा फरक दाखवणारा घ्या, भाजीवाल्याचा दोनशे ग्रॅमचा नाही. वहीत लिहून ठेवा. त्याच्याबरोबर दुपारी मेंढ्या बसल्या असतील तेव्हा लांबून मोजा, निम्म्याहून जास्त रवंथ करत असतील तर पोट बरं आहे, आणि सकाळच्या लेंड्या सुट्या, गोल, टणक का चिकटलेल्या गोळ्यासारख्या ते बघा. दहा मेंढ्यांवरून सगळ्या जगाला सांगण्यासारखं काही सिद्ध होत नाही, पण तुमच्या वाड्यावर पैसे टाकायचे का नाही एवढं नक्की कळतं.

तर आत्ता तुम्ही काय करावं. नमुना उद्या सकाळीच न्या, ऊन व्हायच्या आत, दवाखाना लांब असेल तर १९६२ ला फोन करून फिरती गाडी बोलवा. जुळ्यांच्या आयांना आजपासून खुराकात दर दोन-तीन दिवसांनी पन्नास ग्रॅम वाढवत साडेतीनशेपर्यंत जा आणि त्यात पेंडीचा वाटा तिसऱ्या हिश्श्याइतका ठेवा. पुड्यावर कॉपर आहे का, सीएफयू किती, लाइव्ह आहे का कल्चर, हे तीन वाचून आणि फुग्याची तपासणी करून मला कळवा. पास झाला तर लाल दोऱ्याच्या पाच मेंढ्यांना चालू करा, बाकीचा पुडा गारव्याला ठेवा. आणि पाच आठवड्यांनी दोन्ही गटांची वजनं पाठवा, बिनदोऱ्याच्या मेंढ्यांची विसरू नका.